चौदा नंबर बाहेर

खेळाडू मैदान सोडतो, पण मैदान खेळाडूला कधीच सोडत नाही.

हे वाक्य चौदा आपल्या भाषणात तिसऱ्या मिनिटाला म्हणत असे आणि मग घोटभर पाणी प्यायला थांबत असे. तेवढ्यात लोकांना ते वहीत उतरवून घेता यायचं. वस्तुस्थिती अशी होती की मैदानाने त्याला सोडलं होतं, आणि एकदा नव्हे, नऊ वर्षांत एकशे त्रेसष्ट वेळा. दर वेळी सत्तराव्या मिनिटाच्या आसपास.

तो व्यावसायिक फुटबॉल खेळायचा, दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबाकडून. उजव्या बगलेने पळायचा. पाय तेज होते, डोकं बेताचं होतं आणि पाठीवर चौदा नंबर होता. सामना सुरू होई तेव्हा तो अकरा जणांत असे. सत्तरावं मिनिट आलं की मैदानाच्या कडेला काळी पाटी वर जाई, तिच्यावर लाल आकड्यात चौदा, आणि तो बाहेर. एका सामन्यात त्याने अडुसष्टाव्या मिनिटाला गोल केला. सत्तराव्याला पाटी वर गेली तेव्हा तो अजून मिठ्या मारत होता. गवतावर उभं राहून शेवटची शिट्टी त्याने आयुष्यात एकदाही ऐकली नव्हती. ऐकली ती बाकावर बसून, डोक्यावर टॉवेल घेऊन.

का काढता, असं त्याने प्रशिक्षकांना कधी विचारलं नाही. त्या वयात माणूस विचारत नाही, आणि पुढच्या वयात माणूस स्वतःच उत्तर तयार करतो. एकतिसाव्या वर्षी गुडघा गेला. ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला विक्री विभागात घेतलं. पहिल्याच ग्राहकाने विचारलं, तुम्ही ते चौदा नंबर ना, नेहमी मधेच जायचात? यावर चौदाने जे उत्तर दिलं त्यावर त्याची पुढची वीस वर्षं उभी राहिली. तो म्हणाला, आमच्या प्रशिक्षकांचं मत होतं की खरा खेळाडू शिखरावर असतानाच बाहेर पडतो.

ग्राहकाने दोनशे खुर्च्या घेतल्या.

त्यातून भाषण निघालं. भाषणातून कंपनीचा नियम निघाला की विक्री विभागाची कुठलीही बैठक सत्तर मिनिटांच्या वर जायची नाही. नियमामुळे विक्री वाढली, म्हणजे वाढली ती नियमामुळेच असं सगळे म्हणू लागले. दुसऱ्या कंपन्या चौदाला भाषणाला बोलावू लागल्या. ‘योग्य क्षणी बाहेर’ असं भाषणाचं नाव होतं. तो ते चौसष्ट मिनिटांत संपवायचा, सहा मिनिटं प्रश्नांना ठेवायचा आणि प्रश्न चालू असताना निघून जायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे.

खरी गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. त्याला सत्तर मिनिटांच्या पुढे एका जागी बसताच येत नसे.

पासष्टाव्या मिनिटाला उजवी टाच हलायला लागे. अडुसष्टला मान आपोआप डावीकडे वळे, जिकडे पूर्वी पाटी असायची. सत्तरला तो उठलेला असे. जेवताना उठे, न्हाव्याकडे अर्धे केस कापून झालेले असताना उठे. विमानात तो पुढून मागे आणि मागून पुढे चालत राही, आणि हवाई सुंदऱ्या त्याला धीर देत. एकाही सिनेमाचा शेवट त्याला माहीत नव्हता. मुलगी शाळेत असताना तिच्या नाटकाला तो गेला होता. ती राजाची दूत होती आणि युद्ध जिंकल्याची बातमी घेऊन शेवटच्या प्रवेशात यायची. ती आली, तिने बातमी सांगितली, पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. घरी आल्यावर तिने विचारलं, “बाबा, आपण जिंकलो ते तुला कळलं का?” मुलगी आता परगावी शिकत होती आणि ते नाटक विसरून गेली होती. तो विसरला नव्हता.

अशा माणसाने खुर्च्या विकाव्यात यात कोणालाच काही विचित्र वाटलं नाही. उलट ग्राहकापुढे तो उभ्यानेच बोलतो म्हणजे खुर्ची ग्राहकासाठी सोडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मग व्यवस्थापकीय संचालकांनी निवृत्ती जाहीर केली.

त्यांच्या जागेसाठी दोन नावं होती. एक चौदा. दुसरा कारखान्याचा प्रमुख, ज्याला अख्खी कंपनी पाठीमागे खुंटा म्हणत असे. खुंटा बसला की बसला. नवीन खुर्चीची चाचणी तो स्वतः घ्यायचा, म्हणजे सकाळी तिच्यात बसायचा आणि संध्याकाळी उठून म्हणायचा, ठीक आहे. एकदा आगीची घंटा वाजली होती तेव्हा सगळे खाली जाऊन परत वर आले, तर हा तिथेच.

निवड करणार होतं संचालक मंडळ, आणि मंडळ म्हणजे बाई. बाई कंपनीच्या अध्यक्ष होत्या, संस्थापकांच्या पत्नी, वय पंचाहत्तर. संस्थापकांनी सभागृहात एक रीत घालून दिली होती. अध्यक्ष उठेपर्यंत कोणीही खुर्ची सोडायची नाही. आपणच आपल्या खुर्चीत बसू शकत नसलो तर लोकांनी का बसावं, असा त्यांचा सवाल होता. ते स्वतः एकदा मूतखडा घेऊन साडेतीन तास बसले होते. मूतखडा नंतर पडला. रीत राहिली. आणि बाईंची बैठक दीड तासाच्या आत कधी संपल्याचं कोणाला आठवत नव्हतं. चौदा इतकी वर्षं विक्रीचा अहवाल देऊन चाळीस मिनिटांत मोकळा व्हायचा आणि बाई त्याला म्हणायच्या, जा, तुमचे ग्राहक खोळंबलेत. या वेळी उमेदवार म्हणून त्याला आरंभापासून अखेरपर्यंत बसायचं होतं.

“म्हणजे फक्त बसायचं,” बायको म्हणाली.

“फक्त.”

“बाकी सगळं तुला येतं.”

“बाकी सगळं येतं.”

ती दातांची डॉक्टर होती. तिने थोडा विचार केला आणि सांगितलं की तिच्या खुर्चीतून अठ्ठावीस वर्षांत एकही माणूस मधेच उठून गेलेला नाही, तेव्हा रविवारी दवाखान्यात ये.

चार रविवार सराव झाला. दवाखाना बंद, वर मोठा दिवा, गळ्यात रुमाल आणि चौदा आडवा. पहिल्या रविवारी तो एकाहत्तराव्या मिनिटाला रुमालासकट रस्त्यावर सापडला. समोरच्या औषधवाल्याने विचारलं, दात काढला का साहेब? दुसऱ्या रविवारी तिने त्याच्या दाढांमध्ये कापसाची गुंडाळी ठेवली आणि पाय हलला की चाव म्हणून सांगितलं. त्याने तीन गुंडाळ्या चावल्या आणि एकोणऐंशीपर्यंत पोचला. तिसऱ्या रविवारी तिने त्याचं घड्याळ काढून घेतलं, भिंतीवरचंही उतरवलं, कारण तिच्या मते त्याचा रोग पायात नसून मनगटात होता. शहाऐंशी मिनिटं. चौथ्या रविवारी ती शेजारी बसून एका रुग्णाच्या सासूची गोष्ट सांगत राहिली आणि जेव्हा थांबली तेव्हा एकशे सात मिनिटं झाली होती. चौदा तसाच पडून होता आणि विचारत होता, मग सासू काय म्हणाली?

त्याने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीचा शेवट ऐकला. तो काही विशेष नव्हता, पण त्याला फार आवडला.

त्या रात्री त्याने मुलीला फोन करून सांगितलं की आता मी बसू शकतो. तिने विचारलं, कुठे? तो म्हणाला, कुठेही. मग तिला वाटलं बाबांचं काहीतरी बिनसलंय, आणि तिने आईला फोन केला.

बैठक दहाला सुरू झाली. लांब टेबल, नऊ संचालक, दोन उमेदवार, सगळे नवीन खुर्च्यांत. खिडकीशेजारच्या भिंतीवर संस्थापकांचा फोटो होता. त्यातही ते बसलेलेच होते. चौदाचं घड्याळ बायकोच्या पर्समध्ये होतं आणि गालात कापसाची गुंडाळी होती. सभागृहात मात्र एक घड्याळ होतं, बाईंच्या डोक्यावर, आणि ते उतरवा म्हणायची कोणाची टाप नव्हती.

तो आधी बोलला, आणि चांगला बोलला. कुठल्या शहरात शाखा काढायच्या, कुठल्या बंद करायच्या, शाळांसाठी स्वस्त खुर्ची का हवी. बाईंनी दोनदा मान हलवली, जी त्या वर्षातून एखाद्या वेळी हलवत. संचालकांतल्या निवृत्त न्यायाधीशांनी तर मधेच शेजाऱ्याला सांगितलं की हा खटला निकालात निघाल्यासारखाच आहे. चौदाला ते ऐकू गेलं. मग खुंटा सुरू झाला.

खुंट्याने स्क्रूपासून सुरुवात केली.

अडुसष्टाव्या मिनिटाला चौदाची मान डावीकडे वळली. डावीकडे पाण्याचा जग होता. त्याने गुंडाळी चावली. सत्तर. टाच हलत होती, गुडघा हलत होता, जगातलं पाणी हलत होतं, पण तो बसून होता. एकाहत्तर. खुंटा चाकांवर आला होता. पंचाहत्तर. घाम आला आणि गेला. ऐंशी.

ऐंशीव्या मिनिटाला चौदाने आजूबाजूला पाहिलं. इकडे तो कधी आलाच नव्हता. इथला उजेडही वेगळा होता, खिडकीतलं ऊन टेबलाच्या या कडेवरून त्या कडेवर गेलं होतं. लोकांचे चेहरे सैल पडले होते, एका संचालकाने बूट काढले होते, न्यायाधीश झोपले होते. म्हणजे हे असं असतं तर. सगळे थकलेले आणि तरी सगळे इथेच. त्याला या माणसांबद्दल एकदम माया वाटली. मुलगी युद्ध जिंकल्याची बातमी घेऊन आली तेव्हा सभागृह असंच दिसत असणार.

नव्वद. एक्याण्णव. बाईंनी पेनाला टोपण लावलं. ही खूण सगळ्यांना ठाऊक होती. आता दोन वाक्यं आणि मग मत. त्यांनी चौदाकडे पाहून किंचित हसल्यासारखंही केलं.

“एकच बारीक गोष्ट,” खुंटा म्हणाला. “कापड.”

नव्या खुर्चीचं कापड बाईंनी पसंत करायचं होतं. कारखान्यातल्या शिवणविभागाच्या मुकादमाला नमुने घेऊन बोलावलं होतं. तो टेबलाच्या डाव्या टोकाला उभा राहिला. प्रत्येक नमुना पुठ्ठ्यावर ताणून बसवलेला होता आणि वर गिरणीचा क्रमांक. मुकादम एकेक पुठ्ठा दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या टोकालाही दिसावा. अकरा नंबर, राखाडी. बाईंनी नाक मुरडलं. बारा, निळा. तेरा, शेवाळी. पुढचं कापड काळं होतं आणि काळ्यावर दिसावा म्हणून क्रमांक लाल खडूने लिहिला होता.

चौदा.

पुढे जे झालं ते चौदाने केलं असं म्हणता येणार नाही. तो उठला. वाकून त्याने गालिच्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. दोन्ही हात वर करून त्याने आधी खिडकीकडे आणि मग संस्थापकांच्या फोटोकडे टाळ्या वाजवल्या. खुंट्याजवळ गेला, त्याचा हात हातात घेतला, त्याला मिठी मारली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कानात म्हणाला, “डाव्या बाजूने सांभाळ.” आणि दाराकडे निघाला, सावकाश, रमतगमत. संघ मागे असला तर पळत बाहेर जायचं असतं. पुढे असला तर वेळ काढत जायचं असतं. तो वेळ काढत गेला.

बाहेर सोफा होता. त्याच्यावर बसून त्याने शिपायाकडून टॉवेल मागितला. शिपायाने नॅपकिन दिला. नॅपकिन डोक्यावर घेतल्यावर चौदाला कळलं की आपण कुठे आहोत.

आत काय झालं ते नंतर कळलं. न्यायाधीश जागे झाले होते. त्यांनी सांगितलं की चाळीस वर्षांत अनेकांना त्यांनी खुर्चीसाठी भांडताना पाहिलं, खोटं बोलताना पाहिलं, पण जिंकलेला दावा स्वतःहून, भर सभेत, प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून सोडणारा माणूस पाहिला नव्हता. बूट काढलेल्या संचालकाने ‘योग्य क्षणी बाहेर’ ऐकलेलं होतं. त्याने बाकीच्यांना मुद्दा समजावून दिला. खुंट्याला हुंदका आला, आणि तो आला म्हणून सगळ्यांनाच आला. अध्यक्षांच्या आधी कोणी उठायचं नाही ही रीत मोडली गेली, याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. खुंट्याची निवड एकमताने झाली. कापड चौदा नंबरचंच ठरलं, सन्मान म्हणून.

बाई स्वतः बाहेर आल्या. सोफ्यावर त्याच्या शेजारी बसल्या.

“आमच्या ह्यांच्यानंतर,” त्या म्हणाल्या, “या कंपनीत मोठ्या मनाचं माणूस मी आज पाहिलं.”

आत्ता बोलायला हवं होतं. बाई, तो पुठ्ठा होता, असं म्हणायला हवं होतं. बाई, मला हे पद हवंय, गेले चार रविवार मी तोंडात कापूस घालून आडवा पडलोय. पण बाईंचे डोळे भरले होते आणि दारात नऊ संचालक उभे होते. चौदाने तोंड उघडलं. बाहेर काढल्यावर पत्रकारांना सांगण्याचं एकच वाक्य त्याच्याकडे होतं, एकशे त्रेसष्ट वेळा वापरलेलं.

“संघ महत्त्वाचा,” तो म्हणाला.

बाईंनी त्याचा हात दाबला. कापसाची गुंडाळी त्याने गिळली.

घरी बायकोने दार उघडताच विचारलं, किती?

“ब्याण्णव.”

“अरे वा. मग?”

“मग पाटी लागली.”

त्याने सगळं सांगितलं, खोलीत येरझारा घालत. ती ऐकत होती. काळ्या कापडापाशी तिने ओठ चावला, मिठीपाशी ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून हसली. परत आली तेव्हा चेहरा कोरा होता.

“वेळेची तयारी करून घेतली मी,” ती म्हणाली. “पाटीची राहिली.”

“तुझी काय चूक त्यात?”

“माझी नाहीच. त्या तुझ्या प्रशिक्षकांची आहे. जाऊन विचार त्यांना. नऊ वर्षं मैदानातून काढलं, आता सभागृहातून काढलं. कारण तरी सांगा म्हणावं.”

“कारण मला माहीत आहे. शिखरावर असताना—”

“ते तू ग्राहकाला सांगितलंस. तुला कोणी सांगितलं?”

यावर तो येरझारा घालायचा थांबला, आणि ही गोष्ट त्या घरात सहसा होत नसे.

प्रशिक्षक ब्याऐंशी वर्षांचे होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत आणि दिवसभर आवाज बंद करून टीव्हीवर सामने बघत. दार उघडल्यावर त्यांनी चौदाच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ये, चौदा. त्याला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. तिच्या पाठीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. चौदा बसला नाही.

त्याने विचारलं. तीस वर्षं उशिरा विचारायचं म्हणून तो थोडा लांबून आला. दमसास, डावपेच, प्रतिस्पर्ध्यांचा थकलेला डावा बचाव, आणि शिखर. प्रशिक्षकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी टीव्ही बंद केला.

“सत्तराव्या मिनिटाला माझी रक्तदाबाची गोळी असायची,” ते म्हणाले. “त्यासाठी उठावं लागायचं. उठलोच आहे तर एक बदलही करून टाकायचो.”

“पण मलाच का?”

“तू चांगला खेळायचास रे. तुला काढावंसं कधी वाटलं नाही.”

“मग?”

म्हातारा उठला, आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात क्लबाची जुनी काळी पाटी होती, दोन खाचांची. त्या खाचांत आकड्यांच्या लाल पट्ट्या सरकवायच्या असत. सोबत पट्ट्यांची पत्र्याची डबी होती. तुझ्या पहिल्याच मोसमात, ते म्हणाले, बाहेरगावच्या सामन्याला जाताना ही डबी बसमध्ये सांडली. परत आणली तेव्हा तिच्यात दोनच पट्ट्या सापडल्या. एक नंबर गोलरक्षक होता, त्याला काढता येत नाही. चार नंबर माझा जावई होता. बाकीच्यांना हाक मारून बोलावलं तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

“आत येणाऱ्याचा नंबर कसा दाखवायचात मग?”

“आत येणाऱ्याला पाटी कशाला? तो पळतच येतो.”

चौदाने डबी उघडली. आत एक होता आणि चार होता.

“नवी पाटी मागितली होती मी,” प्रशिक्षक म्हणाले. “तू सोडलंस त्याच्या पुढच्या महिन्यात आली.”